भर समुद्रात महिनाभर: भांडण स्वभावाचं कमी, झोपेचं जास्त

खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई पुढे गोव्यात मांडवी होते आणि समुद्राला मिळते. नौदलाच्या ५६ फुटी शिडाच्या होडीला याच नदीचं नाव दिलं गेलं. गोव्यात बांधलेल्या त्या ‘म्हादई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कुठल्याही बंदरात न थांबता पुरी केली. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’. सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन ती १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून निघाली आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला परतली. त्यातला पहिलाच टप्पा, गोवा ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, ४० दिवसांहून लांब होता.

एकट्याने जाणाऱ्याचं भांडण वाऱ्याशी, यंत्राशी, फार तर स्वतःशी. सोबत असली की प्रश्न वेगळे होतात. बेळगावला समुद्र नाही, पण चोर्ला घाट उतरला की तीन-साडेतीन तासांत गोव्याचा धक्का येतो. शिडाच्या होडीवर खलाशी म्हणून लांबच्या सफरीला जावं असं वाटणाऱ्या इथल्या मुलामुलींना शीड, दोर आणि नकाशा शिकवणारे भेटतील. चार माणसांत महिनाभर कसं राहायचं, ते मात्र फारसं कुणी शिकवत नाही.

आधी जागेचा अंदाज घेऊ. ४० फुटी होडी १२ मीटर लांब असते, मध्यभागी चारेक मीटर रुंद आणि टोकाला निमुळती. बेळगाव-पुणे धावणारी मोठी बस साधारण तेवढीच लांब. त्या बसची बाकं काढा आणि आत पाच जणांची अंथरुणं, चूल, एक संडास, महिन्याचा शिधा, शिडांच्या गोण्या आणि पाचशे लिटर पाणी भरा. मग ती बस रात्रंदिवस घाटात असल्यासारखी हलवत ठेवा आणि तीन आठवडे एकाही स्टॉपवर थांबवू नका. वेग ५ ते ६ नॉट, म्हणजे तासाला दहाएक किलोमीटर. रमतगमत सायकल मारणारा माणूस तेवढं जातो. दिवसाला १२० ते १४० सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) कापले जातात. अटलांटिक ओलांडण्याची नेहमीची वाट, कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासपासून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियापर्यंत, सुमारे २७०० सागरी मैलांची आहे. मध्यम होडीला त्यासाठी वीसेक दिवस लागतात.

एवढ्या जागेत माणसं भिडली की लोक म्हणतात, ‘स्वभाव जुळले नाहीत.’ बहुतेक वेळा ते निदान आळशीपणाचं असतं. भांडण खणत गेलं की तळाशी अपुरी झोप सापडते, नाहीतर कुणी मोजलं नव्हतं असं पाणी, किंवा हुकूम कोणाचा हे ठरलेलं नसणं. माणसाचा स्वभाव वीस दिवसांत बदलत नाही, पहाऱ्याचा तक्ता दहा मिनिटांत बदलता येतो. म्हणून आधी तक्ता पाहू.

पहारा

आपल्याकडे गावोगावी पारायण सोहळे होतात. त्यात वीणा सात दिवस खाली टेकवायची नसते. मंदिराच्या भिंतीवर पहाऱ्याची यादी लागते आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोन ते चारचा माणूस वेळेवर आला नाही, तर आधीचा बिचारा तासभर जास्त उभा राहतो आणि सकाळी त्या माणसाशी नीट बोलत नाही. समुद्रातल्या होडीचं गणित हेच. होडी रात्री थांबत नाही, नांगर टाकायला तळ सापडत नाही, म्हणून कोणीतरी सतत जागं असावंच लागतं. इथे सोहळा सात दिवसांत संपत नाही, एवढाच फरक.

तिघे असतील तर तीन तास पहारा, सहा तास सुट्टी. दिवसात तीन-तीन तासांचे आठ पहारे होतात आणि आठाला तीनने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येकाची वेळ रोज आपोआप सरकते. चौघांनी तीन-तीन तास घेतले तर आठाला चाराने पूर्ण भाग जातो आणि मध्यरात्री बारा ते तीनचा वाईट पहारा रोज एकाच्याच वाट्याला येतो. पाचव्या दिवशी तो कुरकुरायला लागतो आणि बाकीचे म्हणतात, ‘सगळ्यांना तीनच तास आहेत की!’ तास सारखे असतात, झोप सारखी नसते. यावर साधा तोडगा आहे. रोज एकाला पहाऱ्यातून काढून स्वयंपाक आणि सफाई द्यायची, उरलेले तिघे तीन-सहाने चालतात. स्वयंपाकवाल्याला पूर्ण रात्र झोप मिळते आणि ही रात्र दर चार दिवसांनी प्रत्येकाकडे येते. त्या एका रात्रीची लोक बोनसासारखी वाट पाहतात.

दोन तुकड्या करून चार तास कामावर, चार तास सुट्टी अशी जुनी जहाजी पद्धतही आहे. त्यात दिवसाचे सहा पहारे होतात, सम आकडा, म्हणून वेळा पुन्हा अडकतात. जुन्या खलाशांनी दुपारी चार ते रात्री आठचा पहारा मधोमध कापून दोन-दोन तासांचे दोन केले. पहारे सात झाले, विषम आकडा, आणि चक्र फिरायला लागलं. शिवाय त्या वेळात दोन्ही तुकड्यांना जेवता येतं.

दोघेच असतील तर अडचण वेगळीच. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघून मे २०२५ अखेर ‘तारिणी’तूनच प्रदक्षिणा पुरी केली. दोघांच्या होडीत एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. भांडायला वेळ नसतो तसा बोलायलाही नसतो. महिना संपेपर्यंत सोबती म्हणजे अंथरुणातला एक उंचवटा होऊन बसतो. म्हणून दोघांच्या होडीत दिवसातलं एक जेवण तरी समोरासमोर बसून घ्यायचं, पाच मिनिटांचं का असेना.

आता दहा मिनिटांचा उशीर एवढा का झोंबतो ते पाहा. चार तासांची सुट्टी म्हणजे चार तास झोप नाही. ओले कपडे आणि होडीला अडकवायचे पट्टे काढायला दहा मिनिटं, काहीतरी खायला पंधरा, डोळा लागायला वीस आणि पुढच्या पहाऱ्याआधी उठून तयार व्हायला पंधरा. उरतात तीन तास. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, म्हणजे जेमतेम दोन आवर्तनं. बदली माणूस वीस मिनिटं उशिरा आला तर दुसरं आवर्तन मोडतं. हे दिवसाकाठी दोनदा झालं तर आठवड्याने माणूस ओळखू येत नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं होतं की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढी उतरते. दारू प्यालेल्याचं बोलणं आपण मनावर घेत नाही. अर्धवट झोपलेल्याचं घेतो.

त्यामुळे बदलीचे नियम लेखी हवेत. पंधरा मिनिटं आधी उठवायचं, थंडी-पावसात वीस. नावाने हाक मारायची, पाऊल हलवायचं, तोंडावर पांढरा उजेड मारायचा नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात ती मेहनत जाते, म्हणून रात्री लाल बॅटरी वापरायची. उठलेला माणूस ‘हो’ म्हणाला म्हणजे उठला असं धरू नका, पाय खाली टेकलेले पाहून जा. नव्याने वर येणारा पाच मिनिटं आधी यावा. जाणाऱ्याने सहा गोष्टी सांगायच्या: होडीची दिशा, वारा किती आणि कुठे सरकतोय, शिडं कशी आहेत, आसपास जहाजं कोणती, होडीची बॅटरी किती भरलेली, आणि काही विचित्र आवाज किंवा खूण. मग नव्याने म्हणायचं, ‘आता माझ्याकडे.’ हे दोन शब्द उच्चारल्याशिवाय जुन्याने सुकाणू सोडायचं नाही.

झोपलेल्याची झोप आणखी एका गोष्टीवर टिकते, ती म्हणजे वर पहाऱ्यावर असलेल्या माणसावरचा विश्वास. एकटा पहारेकरी रात्री सुकाणूची बैठक सोडून पुढच्या डेकवर जाणार नाही, गेलाच तर कुणाला तरी उठवून आणि कमरेचा पट्टा अडकवून जाईल, हा नियम सगळे पाळतात हे माहीत असलं की खालचा निवांत झोपतो. एकाने एकदा जरी ‘लगेच होईल’ म्हणून एकट्याने पुढे जाऊन दोर सोडवला, तर त्या रात्रीपासून बाकीचे अर्ध्या कानाने झोपतात.

बिछान्यासाठी माणशी दोन मीटर बाय साठ सेंटिमीटरची फळी मिळते. होडी कलली की घरंगळू नये म्हणून तिच्या कडेला कापड ताणून बांधतात. ती फळी त्या माणसाची. तिच्यावर दुसऱ्याने बसायचं नाही, ओला रेनकोट ठेवायचा नाही, ‘जरा सरक’ म्हणायचं नाही. दोघांत एकच फळी असेल तर चादर आणि उशी तरी वेगळी हवी.

बोट लागते तेव्हा

चोर्ल्यात किंवा आंबोलीत गाडी लागणाऱ्यांना समुद्रात बोट लागण्याची शक्यता आहेच, पण गाडी कधी न लागलेल्यांनीही छाती फुगवू नये. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं ‘हलतोय’, डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात, आणि या झगड्यात पोट हरतं. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते.

पण हे दोन-तीन दिवसच पुढच्या महिन्याचं बीज पेरतात. पडून राहिलेल्या माणसाचं काम बाकीच्यांवर पडतं, तेही अजून सरावलेले नसतात, आणि ‘हा कामचुकार’ ही छाप चौथ्या दिवशी तो ठणठणीत झाला तरी पुसली जात नाही. म्हणून पहिल्या ४८ तासांचा तक्ता वेगळा करायचा: पहारे दोन-दोन तासांचे, आणि एकतृतीयांश माणसं कामाला येणार नाहीत असं आधीच गृहीत धरलेले. आजाऱ्याला जमेल तर सुकाणूवर बसवावं. क्षितिजाकडे नजर आणि हातात काम असलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. उलटीसाठी कठड्यावर वाकू द्यायचं नाही, माणसं अशीच पाण्यात पडतात. दोरी बांधलेली बादली द्यायची. घोटघोट ओआरएस पाजायचं. चोवीस तास पाणी पोटात टिकत नसेल किंवा लघवी जवळपास थांबली असेल, तर ते नुसतं बोट लागणं राहिलेलं नाही, उपग्रह फोनवरून डॉक्टरांना विचारायची वेळ आहे.

आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी एव्होमिनसारखी गोळी झोप आणते. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि आधी जमिनीवर एकदा घेऊन पाहावी. पहिल्याच रात्रीच्या पहाऱ्यावर गोळीची गुंगी कळणं महागात पडतं.

पहिल्या दोन दिवसांचं जेवण धक्क्यावरच तयार ठेवा: दशम्या, उकडलेले बटाटे, केळी, चिरमुरे. फोडणी टाकायची नाही. बंद केबिनमध्ये तडतडलेली मोहरी आणि लाल तिखटाचा धूर निम्म्या होडीला आडवा करतो.

तंबाखूचा विषय इथेच काढायला हवा, कारण निपाणीच्या पट्ट्यात तो टाळून चालत नाही. तंबाखू सुटल्यावर चिडचिड पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि आठवडाभर तरी राहते. ‘बोटीत गेल्यावर सोडतो’ म्हणणारा माणूस बोट लागणं, झोपमोड आणि तलफ असे तिन्ही ताप एकाच आठवड्यात ओढवून घेतो, स्वतःसकट सगळ्यांवर. सोडायची असेल तर निघण्याआधी महिनाभर सोडा. नसेल तर शेवटच्या दिवसापर्यंत पुरेल एवढी मोजून घ्या, आणि रात्री थुंकायला कठड्यावर वाकायचं नाही हा नियम आधीच मान्य करा.

हुकूम कोणाचा आणि शब्द कोणता

मच्छीमारी होडीवर तांडेल एकच असतो. शिडाच्या होडीवरही कप्तान एकच. पण मित्रमित्र मिळून निघालेल्या होडीत हे बोलायला लाज वाटते आणि तिथेच गाडं अडतं. दोन प्रकारचे निर्णय आहेत हे धक्क्यावरच सांगून टाकावं. जेवण, रंजन, पुढचं बंदर, वाट थोडी बदलायची का, यावर सगळ्यांनी बोलावं. शीड कमी करणं, दिशा पलटणं, माणूस पाण्यात पडणं, आग, या वेळी कप्तान बोलतो, बाकीचे करतात आणि प्रश्न नंतर विचारतात. ‘नंतर’ खरंच यायला हवं. काम झाल्यावर चहा घेताना कप्तानाने स्वतःहून सांगावं की तसं का केलं. जो कप्तान हे टाळतो त्याच्या हुकमाची धार दहा दिवसांत बोथट होते.

कप्तान झोपलेला असताना त्याला केव्हा उठवायचं हे वहीत लिहून सगळ्यांनी खाली सही करावी. नमुना असा: वारा २० नॉटच्या वर गेला, वाऱ्याची दिशा ३० अंशांहून जास्त सरकली, एखादं जहाज दोन सागरी मैलांच्या आतून जाईल असं दिसलं, बॅटरी १२.२ व्होल्टखाली आली. ओळखीचा नसलेला आवाज आला. किंवा मनात शंका आली. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. शंकेपोटी उठवल्यावर कप्तान एकदा जरी ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ म्हणाला, तर पुढच्या वेळी त्याला कोणी उठवणार नाही, आणि ती पुढची वेळ खरी असू शकते.

आता भाषा. शिडाचा दोर ‘सोड’ म्हटलं की दोन अर्थ निघतात: हातभर ढिला कर, किंवा पूर्ण मोकळा कर. जोराच्या वाऱ्यात नवख्याने दुसरा अर्थ घेतला की शीड फडफडून फाटतं, किंवा दोर सर्रकन निसटून तळव्याची सालटी काढतो. मग ‘अक्कल आहे का’ ऐकावं लागतं. चूक शब्दाची असते, अपमान माणसाचा होतो. म्हणून शब्द ठरवून घ्या: ‘हातभर ढिला’, ‘मोकळा’, ‘ताण’, ‘धर’, ‘बांध’. प्रत्येकाचा एकच अर्थ. ऐकणाऱ्याने शब्द मोठ्याने परत म्हणायचा आणि मग हात चालवायचा. ‘इकडे-तिकडे’ तर हद्दपारच करा. बाजू होडीच्या नाकाकडे तोंड करून मोजायच्या, पोर्ट म्हणजे डावी, स्टारबोर्ड म्हणजे उजवी. सुकाणूवरचा आणि पुढे काम करणारा समोरासमोर असतात, तेव्हा माझी डावी ती तुझी उजवी होते. वारा घोंगावत असला की ओरडणं पोहोचत नाही. पाच-सहा हातखुणा बंदरातच घोटून घ्या. एरवीही डेकवर ओरडणं म्हणजे राग नसून अंतर आहे, हे नवख्याला पहिल्या दिवशी सांगितलेलं बरं.

घरात मराठी, बाजारात कन्नड, फौजेतल्या भावाशी हिंदी, असं तिन्हीकडे सहज वळणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांचा इथे एक फायदा आहे आणि एक खोड. फायदा उघड आहे. खोड अशी की जोडीदार भेटला की आपण नकळत दोघांच्या भाषेत शिरतो. गल्लीत ते चालतं. पाच जणांच्या होडीत दोघे एका भाषेत हसले की तिसऱ्याला वाटतं, माझ्यावरच हसले. जेवताना आणि डेकवर सगळ्यांना कळणारी भाषा, आपापल्या फळीवर हवी ती, एवढं ठरवलं की पुरतं.

पाणी, चहा आणि खाऊचा डबा

पिणं, स्वयंपाक आणि थोडी धुणी मिळून माणशी दिवसाला चार लिटर गोडं पाणी धरतात. पाच जण, २५ दिवस, म्हणजे ५०० लिटर. उशीर आणि गळतीसाठी एकतृतीयांश जास्त, म्हणजे साडेसहाशेच्या पुढे. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी हा साठा सोडू नये, यंत्र बिघडतं. साठा दोन टाक्यांत वेगळा असावा, म्हणजे एक गळली किंवा खारी झाली तरी दुसरी राहते. चार दिवसांनी एकदा नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत वाढलेल्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही. चोवीस तास नळ वाहत्या घरातला माणूस मात्र दात घासताना पंप चालू ठेवतो, आणि बाकीचे चार जण तो आवाज मोजत पडून असतात. इलेक्ट्रिक पंप बंद करून पायाने दाबायचा पंप ठेवला की ही कटकट बोलण्याआधीच मिटते. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून गोड्या पाण्याने एकदा विसळायची. अंघोळ बादलीभर खाऱ्या पाण्याची, शेवटी लिटर-दीड लिटर गोडं पाणी फवारून. मीठ अंगावर राहिलं तर कपडे कधी वाळत नाहीत आणि बसायच्या जागी फोड येतात, आणि फोड आलेला माणूस कुणाशीही गोड बोलत नाही.

चहाचा हिशेब मुद्दाम मांडतो. पाच जण, दिवसाला तीन कप, २५ दिवस, एकूण ३७५ कप. कपाला अडीच ग्रॅम पावडर धरली तर एक किलोला थोडी कमी, दहा ग्रॅम साखरेने पावणेचार किलो, बारा ग्रॅम दूध पावडरीने साडेचार किलो. रात्रीच्या पहाऱ्याला चौथा कप लागतोच, म्हणून तिसरा हिस्सा वाढवा. हे नीट मोजायचं, कारण तांदूळ कमी पडले तर लोक समजून घेतात, चहा कमी पडला तर ‘कोणी जास्त प्याला’ याची चौकशी सुरू होते.

शिधा आठवड्या-आठवड्याच्या पिशव्यांत बांधावा. दुसऱ्या आठवड्याची पिशवी पहिल्या आठवड्यात फुटत नाही, आणि सगळे काजू दहाव्या दिवशी संपले म्हणून कुणावर संशय येत नाही. याशिवाय प्रत्येकाला स्वतःचा एक बंद डबा. त्यात काय आहे ते विचारायचं नाही, उघडायचं तर नाहीच. बेळगावचा कुंदा खव्याचा, तो पहिल्या आठवड्यातच वाटून संपवा. गोकाकचा करदंट, म्हणजे सुक्यामेव्याची आणि डिंकाची वडी, टिकतो, तो मागे ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

चूल होडीबरोबर झुलणारी असते, तरी लाटेने पातेलं उडतं. स्वयंपाक करणाऱ्याने उकाड्यातही जाड पावसाळी पँट घालावी, उकळतं पाणी मांडीवर सांडण्याची भीती खरी आहे. शक्य तिथे प्रेशर कुकर वापरावा, त्याचं झाकण घट्ट बसतं. काम झालं की सिलिंडरचा खटका बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर होडीच्या तळाशी साचून राहतो. खटका विसरणाऱ्याला दोनदा सांगावं लागलं की बोलण्यात चीड येते. त्यापेक्षा चुलीशेजारी ‘खटका?’ अशी पाटी लावा, पाटीचा राग येत नाही.

संडासाबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. सगळ्यांनी बसूनच, पुरुषांनीही, हलत्या होडीत नेम लागत नाही. पंप वीस वेळा मारायचा. पोटातून न गेलेली कुठलीही वस्तू आत टाकायची नाही. सॅनिटरी पॅडसाठी वेगळी झाकणाची बादली आणि ती रिकामी करण्याचं काम सगळ्यांत फिरतं. तुंबला तर ज्याच्या वेळी तुंबला तो साफ करतो, दुसरा बॅटरी धरतो.

अर्ध्या वाटेनंतर

१९७३ मध्ये मेक्सिकोत काम करणाऱ्या सांतियागो हेनोवेस या मानववंशशास्त्रज्ञाने माणसं एकमेकांवर का उठतात ते तपासायला एक प्रयोग केला. ‘अकाली’ नावाच्या तराफ्यावर (नावाचा मराठीशी संबंध नाही, पण शोभून दिसतं) वेगवेगळ्या देशांतल्या आणि धर्मांतल्या अकरा जणांनी कॅनरी बेटांपासून मेक्सिकोपर्यंत १०१ दिवसांचा प्रवास केला. अकरांत एक हेनोवेस स्वतः. ठिणग्या पडाव्यात म्हणून त्याने माणसं मुद्दाम विजोड निवडली आणि वर प्रश्नावल्या भरून घेऊन त्यांना डिवचत राहिला. अपेक्षित हाणामारी झालीच नाही. लोक एकमेकांशी जुळवून घेत राहिले, आणि राग साचत गेला तो डिवचणाऱ्या हेनोवेसवरच. विजोड माणसं तग धरतात, पण कुणी आपल्याला खेळवतंय असं वाटलं की तग धरत नाहीत. कप्तानाने हे लक्षात ठेवावं: दोघांची जुंपवून मजा पाहणं, एकाचं दुसऱ्याला सांगणं, लाडका ठरवणं, या गोष्टी होडीत फार लवकर उघड्या पडतात.

दुसरं निरीक्षण वेळेबद्दलचं. बेक्टेल आणि बर्निंग या अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये मांडलं की एकाकी, बंदिस्त मुक्कामात मन सगळ्यात खचतं ते मध्य ओलांडल्यावर, चार हिश्श्यांतल्या तिसऱ्या हिश्श्यात. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात हे आढळलंच असं नाही, पण हिशेबात धरायला काही खर्च नाही. निम्मी वाट संपली याचा आनंद ओसरतो आणि ‘अजून तेवढीच वाट बाकी आहे’ असं लक्षात येतं. वीस दिवसांच्या सफरीत हे अकरा ते पंधरा दिवस. पहिल्या आठवड्यात गमतीची वाटलेली टिंगल आता लागते. कुणाचं घोरणं, कुणाचं चमचा वाजवणं, कुणाचा तोच तो किस्सा. याच दिवसांसाठी करदंट मागे ठेवायचा. पहाऱ्याच्या जोड्या इथेच बदला, स्वयंपाकाचा क्रम बदला, आणि बंदराला पोहोचण्याची तारीख बोलणं बंद करा, कारण वारा पडला की ती तारीख रोज पुढे जाते आणि जणू कुणी फसवल्यासारखं वाटतं.

तक्रारीला वेळ आणि जागा हवी. चोवीस तासांच्या आत, समोरासमोर, दोघांतच, दिवसा, दोघेही झोपून-जेवून उठल्यावर. मध्यरात्री ते सकाळपर्यंत तक्रार बंद. वाक्य असं: ‘काल पहाटे तू वीस मिनिटं उशिरा आलास, माझी झोप मोडली. उद्यापासून मी वीस मिनिटं आधी उठवू का?’ यात घटना आहे, परिणाम आहे, उपाय आहे. ‘तू नेहमीच असा’ या वाक्याला काहीच उत्तर नसतं, म्हणून समोरचाही तुमची जुनी खाती काढतो. आठवड्यातून एकदा, चहाच्या वेळी, अर्धा तास सगळे एकत्र बसतात: प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही, कप्तान सगळ्यात शेवटी. कप्तान आधी बोलला की बाकीचे माना हलवतात.

भांडणाऱ्यापेक्षा गप्प झालेल्याकडे जास्त लक्ष द्यावं. जेवायला न येणं, पहाऱ्याव्यतिरिक्त सारखं पडून राहणं, अंघोळ सोडणं, पट्टा अडकवण्यात बेफिकिरी. अशा माणसाला रात्रीचा एकट्याचा पहारा देऊ नये. जोडी लावून दिवसाचा पहारा द्यावा, काय झालं ते सगळ्यांसमोर विचारू नये, आणि फरक पडत नसेल तर उपग्रह फोनवर डॉक्टर.

निघण्याआधीचा कागद, आणि उतरण्याआधीची रात्र

एक पान पुरतं. शिधा, डिझेल, बंदराची फी कशी वाटायची. दुरुस्ती आणि विमा बहुधा होडीच्या मालकाकडे असतो. समुद्रात दारू नाही, हा नियम बहुतेक शहाण्या होड्यांवर असतो. कोणती औषधं चालू आहेत ते प्रत्येकाने कप्तानाला सांगायचं. मध्येच उतरायचं झालं तर परतीच्या विमानाचे पैसे कोणाचे, हेही त्यात हवं. पुष्कळ देशांत खलाशाला परत पाठवण्याची जबाबदारी कप्तानावर टाकतात, म्हणून तो तिकिटाएवढी रक्कम ठेव मागतो. त्यात अविश्वास नसतो. पासपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याजवळ.

कागदापेक्षा मोठी परीक्षा म्हणजे चाचणी सफर, निदान दोन रात्रींची. मुंबई ते गोवा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे, पाच नॉटने दोन दिवस. एका रात्रीत सगळे उत्साहाने जागतात, खरा माणूस दुसऱ्या रात्री दिसतो. तिथे जमलं नाही तर गोव्यातून बेळगावला बस आहे.

शेवटची रात्र सगळ्यात कसोटीची. किनाऱ्याचे दिवे दिसतात, फोनला रेंज येते आणि प्रत्येकाचं मन घरी पोहोचतं. नेमकी तिथेच मच्छीमारांची जाळी, दिवे न लावलेल्या होड्या आणि मोठ्या जहाजांची वर्दळ असते. त्या रात्री पहाऱ्यावर दोघे, फोन कप्तानाच्या पेटीत. धक्क्याला दोर बांधल्यावर आधी होडी धुवायची, सगळ्यांनी मिळून, कुणी एकाने हॉटेल गाठायचं नाही. पैशांचा हिशेब मात्र त्या दिवशी काढू नये. सगळ्यांनी एक अख्खी रात्र न हलणाऱ्या पलंगावर झोपावं आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर वही उघडावी.